घरमालक, बाबा आणि गॅसच्या गोळ्या

आमच्या घरमालकांवर मी जळायचे. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल जे काही चांगलं लिहीन ते दातओठ खातच लिहीन. त्यांच्याकडे पैसा होता म्हणून मी जळत नव्हते. बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये तीन मजली घर असलेल्या माणसाकडे पैसा असतोच, त्यावर जळून जळून माणूस किती जळणार? मी जळायचे ते त्यांच्याकडच्या बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यावर. त्या डब्यात पोटातल्या गॅसवरची औषधं होती.

त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची, मीही म्हणायचे. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि वरच्या खिशात भिंग. एका सरकारी कारखान्यात ते तपासनीस होते. तयार झालेला लोखंडी भाग हातात घ्यायचा, दोन बोटांनी ठोकायचा, कान देऊन आवाज ऐकायचा आणि पास की नापास ते सांगायचं, हे काम त्यांनी पस्तीस वर्षं केलं. निवृत्त झाल्यावर ठोकायला भाग उरले नाहीत, तेव्हा ते माणसांच्या पोटांकडे वळले.

मी जागा बघायला गेले तेव्हा त्यांनी मला पगार विचारला नाही, लग्न झालंय का हे विचारलं नाही, आणि बेंगळुरूत एकट्या बाईला हे दोन प्रश्न चुकत नाहीत.

"ऑफिस कुठं?"

"व्हाइटफील्डला."

"म्हणजे जेवण डब्यातलं, गाडीत बसून. सरी. राजमा करता का?"

"क्वचित. रविवारी."

"रात्री की दुपारी?"

"दुपारी."

"सरी," म्हणजे ठीक, असं पुन्हा एकदा म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. माझ्याआधी जागा बघायला आलेलं जोडपं रात्री राजमा खाणारं निघालं होतं. अण्णांनी त्यांना नकार दिला नव्हता, फक्त पाऊण तास बसवून मोठ्या आतड्याची माहिती दिली होती. ते जोडपं परत आलंच नाही.

त्यांचं घराणं मराठी, पण इथलं. "तुम्ही लोक विमानानं आलात, आमचे लोक घोड्यावरून आले, चारशे वर्षांमागं," असं ते प्रत्येक नव्या मराठी माणसाला सुनवायचे. त्यांच्या घरातल्या मराठीत कानडी इतकं मुरलेलं होतं की मी सांगलीकडची असूनही पहिले आठ दिवस मला अर्धंच कळायचं. पण पोटाचा विषय निघाला की त्यांना कुठलीही भाषा पुरायची. तिसऱ्या मजल्यावर लखनौचा एक इंजिनिअर राहायचा. तो सकाळी लॅपटॉपची बॅग लावून फाटकाशी आला की अण्णा त्याला अडवायचे, शर्टावरूनच पोटावर दोन बोटं ठोकायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. "काल उभा राहून खाल्लंस," असं हिंदीत म्हणायचे. तो खरोखर उभा राहूनच खायचा. कुणी तोंड लपवायला लागलं की ते चिडायचे. दाढ दुखली तर गावभर सांगता, मग पोटानंच काय पाप केलंय, असं त्यांचं म्हणणं होतं.

डब्याला तीन कप्पे होते, कारण अण्णांच्या मते जगात गॅस तीनच प्रकारचा. वरचा, खालचा आणि अडकलेला. वरचा म्हणजे ढेकर आणि जळजळ, त्याला पाण्यात फसफसणारी पूड. खालच्याला ओव्याचा अर्क. अडकलेला म्हणजे जो वरही जात नाही, खालीही जात नाही आणि माणसाला धड बसू देत नाही. त्याला सिमेथिकोनची पुदिन्याच्या चवीची गोळी. "चावायची. गिळायची नाही. कागदावर लिहिलंय," असं बजावून गोळी पूर्ण चावून होईपर्यंत ते समोर उभे राहायचे. सगळी औषधं कोपऱ्यावरच्या मेडिकलमधली, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणारी. चिठ्ठी लागणारं औषध त्यांच्या डब्यात येत नसे. आणि प्रत्येक औषधाबरोबरचा बारीक अक्षरांचा कागद ते भिंगाखाली शेवटच्या ओळीपर्यंत वाचून, घडी घालून त्याच कप्प्यात ठेवायचे.

आणि त्यांचा एक नियम होता. तीन दिवस. तीन दिवस ते तुम्हाला गोळी द्यायचे, विचारपूस करायचे, काल काय खाल्लं ते खोदून खोदून काढायचे. चौथ्या दिवशी डबा बंद. "तीन दिवसांत गेला तर गॅस, नाही गेला तर डॉक्टर. मी डॉक्टर नव्हे." छातीत दुखतंय, वजन उतरतंय, रक्त पडतंय असा एक शब्द कानावर आला तर पहिल्याच दिवशी ते गोळी न देता फाटकाबाहेर जाऊन ऑटो थांबवायचे. लखनौच्या इंजिनिअरनं एकदा चौथ्या दिवशी पुष्कळ गयावया केली. अण्णांनी डबा मांडीखाली घेतला आणि पेपर उघडला.

इथपर्यंत मला ते विक्षिप्त पण गमतीचे वाटायचे. मग बाबा आले.

आई गेल्यावर सहा महिन्यांनी मी बाबांना सांगलीहून माझ्याकडे आणलं. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. बोलायचं काम आमच्या घरात आईकडे होतं, त्यामुळे बाबांना बोलता येतं की नाही हे तपासायची वेळच कधी आली नव्हती. ती आता आली. हो, नको आणि ठीक आहे, एवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा. मी म्हणजे अगदी कंबर कसली होती. मोबाइलवर मराठी पेपर लावून दिला. बागेत फिरायला नेलं. सकाळी सहाला उठून मोड आलेल्या मटकीची उसळ, कोबीची भाजी, ज्वारीची भाकरी करून मग कॅब पकडायची. संध्याकाळी परत येऊन बघावं तर डबा अर्धा तसाच.

"आवडत नाही का, बाबा?"

"ठीक आहे."

पंधराव्या दिवशी ते आपणहून एक पूर्ण वाक्य बोलले. "मी आपला सांगलीलाच बरा." मी बाथरूममध्ये जाऊन रडले. सांगलीला त्या दोन खोल्यांत एकटे राहून ते काय खाणार होते, कुणाशी बोलणार होते? मला त्यांना माझ्याजवळ ठेवायचं होतं, दुसरं काही नको होतं.

तिसऱ्या आठवड्यात एका शनिवारी आम्ही फाटकातून आत येत होतो. अण्णा व्हरांड्यात बसलेले. बाबांकडे त्यांनी एकदाच बघितलं आणि म्हणाले, "काय यजमानरे, अडकलाय?" यजमान म्हणजे मालक. स्वतः मालक असून ते भाडेकरूच्या बापाला मालक म्हणत होते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझे बाबा चारचौघांत जांभईसुद्धा देत नाहीत. मी काही बोलणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "महिना होत आला."

महिना! मी बाबांकडे बघतच राहिले. अण्णांनी खुर्ची पुढे सरकवली, बाबा बसले, पोटावर दोन बोटं ठोकली गेली आणि बाबा बोलायला लागले. कुठे दुखतं, कधी फुगतं, डाव्या कुशीवर झोपलं तर काय होतं. मी पिशव्या घेऊन उभी. पाच मिनिटांनी अण्णा मला म्हणाले, "तुम्ही वर जावा की, अम्मा. आम्हाला वेळ लागेल."

वेळ लागला तो दोन महिने. रोज अकराला बाबा खाली जायचे ते दीडलाच वर यायचे. घरून काम असेल त्या दिवशी मी बाल्कनीच्या दाराशी लॅपटॉप मांडायचे आणि मीटिंगचा आवाज बंद करून खालचं ऐकायचे. बाबा हसायचे! माझे बाबा खो खो हसायचे. विषय काय, तर कडधान्य. वाटाण्यानं काय होतं आणि पावट्यानं काय होतं यावर दोन म्हातारे तास तास बोलू शकतात, हे मला तेव्हा कळलं. आधी तपासणी व्हायची, मग गोळी, मग चहा, मग कारखाना विरुद्ध डेपो. मी माझ्या टीममध्ये अकरा माणसं सांभाळते, सगळ्यांना बोलतं करते, त्याबद्दल मला ऑफिसनं बक्षीस दिलंय. आणि माझ्या स्वतःच्या बापाला बोलतं केलं कुणी, तर ढेकरांचा आवाज ओळखणाऱ्या माणसानं.

एकदा भाड्याच्या निमित्तानं खाली गेले होते. अण्णा सहज म्हणाले, "तुमच्या अम्मानं डेपोच्या मैदानात स्कूटर शिकलेली म्हणे. दोनदा पडून तिसऱ्या वेळी सरळ रस्त्यावरच नेली."

माझी आई स्कूटर चालवत होती हे मला माहीत नव्हतं. मी अडतीस वर्षांची होते आणि मला ते माहीत नव्हतं.

"हो हो, ठाऊक आहे," मी म्हणाले. तडक जिना चढून वर आले. माझी आई होती ती. तिची गोष्ट मला सोडून या माणसाला सांगितली, आणि ती काय म्हणून, तर गोळीबरोबर तोंडी लावायला!

मग मी जे केलं ते आठवलं की आजही लाज वाटते. मी मेडिकलमध्ये गेले आणि गॅसवरचं जे जे मिळतं ते सगळं घेतलं. अण्णांच्या डब्यापेक्षा मोठा डबा आणला, त्याला पाच कप्पे, प्रत्येक कप्प्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत नावं चिकटवली. तो जेवणाच्या टेबलावर बाबांच्या ताटाशेजारी ठेवला.

"बाबा, आता खाली जायला नको. सगळं घरातच आहे."

"ठेव," बाबा म्हणाले. आठ दिवस त्यांनी झाकण उघडलं नाही. नवव्या दिवशी मी गोळी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती चावली आणि म्हणाले, "त्यांची जास्त लागू पडते."

"बाबा, एकाच कंपनीची आहे. एकाच दुकानातली आहे."

"असेल."

त्याच आठवड्यात धुवायला टाकलेल्या त्यांच्या शर्टाच्या खिशात मला गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली. एक, दोन नव्हे, बरीच. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तीन दिवस! जो माणूस लखनौच्या मुलाला चौथ्या दिवशी गोळी देत नाही, तो माझ्या बाबांना दोन महिने देतोय. मी त्यांच्याच सवयीप्रमाणे गोळीबरोबरचा कागद शोधला, त्रास चालू राहिला तर डॉक्टरांना दाखवा या ओळीखाली लाल रेघ मारली आणि खाली गेले. खरं सांगायचं तर बाबांच्या काळजीपेक्षा मला आनंदच जास्त झाला होता.

अण्णा एकटेच होते. मी कागद त्यांच्यासमोर धरला. "अण्णा, तुमचा नियम काय आहे?"

त्यांनी भिंग काढलं नाही. कागद वाचायची त्यांना गरज नव्हती.

"तीन दिवस," ते म्हणाले.

"आणि बाबांना किती दिवस झाले? उद्या काही भलतं निघालं तर कोण जबाबदार?"

त्यांचे कान लाल झाले. "चुकलं, अम्मा," ते म्हणाले. "उद्यापासनं बंद." डब्याचं झाकण त्यांनी दोन्ही हातांनी दाबून लावलं.

दुसऱ्या दिवशी बाबा अकराला खाली गेले आणि पाच मिनिटांत वर आले. सोफ्यावर बसले. मी जिंकले होते. चार दिवस ते त्याच सोफ्यावर त्याच जागी बसून होते. पाचव्या दिवशी म्हणाले, "मिरजेच्या गाडीचं तिकीट काढ."

आता मात्र माझा बांध फुटला. "मी काय कमी करते, बाबा? सहाला उठते. माझ्या हातचं तुमच्या घशाखाली उतरत नाही. त्या अण्णांची गोळी गोड आणि माझं जेवण कडू. एकदा सांगा तरी मला, माझं काय चुकतं?"

बाबांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. मग म्हणाले, "दूध."

"काय?"

"मला दूध सोसत नाही. लहानपणापासनं. चहातलं घोटभर चालतं, तेवढंच."

रोज झोपण्यापूर्वी मी त्यांना हळद घालून मोठा पेलाभर दूध द्यायचे. आल्या दिवसापासून, एक दिवस न चुकता. अशक्त झालेत म्हणून कधी कधी सकाळीही द्यायचे. ते प्रत्येक वेळी पेला रिकामा करून, विसळून ओट्यावर ठेवायचे.

"आईला माहीत होतं?"

"तिनं कधी दिलंच नाही."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू दोन तास गाडीत बसून यायचीस," बाबा म्हणाले. "आल्या आल्या गरम करून आणायचीस. नको कसं म्हणू?"

डॉक्टरांनीही दोन मिनिटांत तेच सांगितलं. बाकी काही नाही, दूध बंद करा, मोडाची कडधान्यं जरा कमी. गोळ्यांनी अपाय काही झालेला नव्हता, फक्त त्रासाचं कारण झाकलं जात होतं, असं ते म्हणाले. आठ दिवसांत बाबांचं पोट शांत झालं. जेवणाचा डबा रिकामा परत यायला लागला. आणि बाबा ठणठणीत होऊन सोफ्यावर गप्प बसून राहिले. तिकिटाचं मात्र ते रोज विचारायचे. शेवटी मी काढलं.

खाली जायला आता त्यांच्याकडे कारण नव्हतं. अण्णा वर येणं शक्य नव्हतं, कारण भाडेकरूच्या दारात मालकानं पाय ठेवायचा नाही हाही त्यांचा नियम. फाटकाशी दोघे समोरासमोर यायचे. "बरं आहे?" "बरं आहे." आणि दोघे दोन दिशांना. दुखणं नसेल तर काय बोलायचं हे दोघांनाही माहीत नव्हतं.

माझ्या मनात मात्र एक काटा सलत होता. मी पुन्हा खाली गेले.

"अण्णा, बाबांना दूध बाधतंय हे तुम्हाला कळलं होतं?"

"दुसऱ्याच दिवशी."

मला वाटलं मी ओरडेन. "आणि तुम्ही बोलला नाहीत? दोन महिने?"

ते रस्त्याकडे बघत होते. "दूध सोडा म्हटलं असतं तर चौथ्या दिवशी आले नसते," ते म्हणाले. "माझ्याकडे तीन दिवसांच्या वर कोण बसलंय, अम्मा? लोक येतात, बरे होतात, जातात. यजमानरे तेवढे बसले." मग घाईघाईनं पुढे म्हणाले, "तुम्हाला दिलेला शब्द मोडणार नाही. त्यांच्यासाठी डबा उघडणार नाही."

मला त्यांचा राग यायला हवा होता, आणि आलाही. पण रागाच्या तळाशी पुन्हा तीच जळजळ होती. माझ्या बाबांच्या सोबतीसाठी या शिस्तीच्या माणसानं पस्तीस वर्षांचा तपासनीसपणा गुंडाळून ठेवला होता. आणि बाबांना काय बाधतं हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं, मला तीन महिने कळलं नाही. मी वर आले.

गाडी शनिवारची होती. शुक्रवारी सकाळी बाबांची बॅग भरून दाराशी तयार होती. मी घरूनच काम करणार होते. साडेदहाच्या सुमाराला बाबा स्वयंपाकघरात आले आणि उगाच डब्यांची झाकणं नीट करत उभे राहिले.

"दूध आहे का गं?"

"चहा टाकू?"

"नको. दूधच. पेलाभर."

मी वळून बघितलं. बाबांनी नजर चुकवली. ते का मागताहेत हे मला तेव्हाच कळलं, आणि नाही म्हणायला माझ्याकडे डॉक्टरांची चांगली चिठ्ठीसुद्धा होती. मी मोठं पातेलं घेतलं, दूध तापवलं आणि पेला काठोकाठ भरून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उभ्याउभ्याच संपवला, मिशी पुसली आणि चपला शोधायला लागले.

"बाबा," मी म्हटलं, "अण्णांना सांगा, गोळी द्यायला माझी हरकत नाही."

ते दारात थांबले. आई गेल्यापासून त्यांनी माझ्याकडे असं सरळ बघितलं नव्हतं.

"उद्याचं ते तिकीट रद्द कर," ते म्हणाले आणि जिना उतरायला लागले. कुणासाठी राहताय, असं मी विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं. मी आत आले, आधी तिकीट रद्द केलं आणि मग दुधाचा पेला विसळून ठेवला.